पाहुणचाराची शाळा



वसंतातील या व्याख्यानांच्या निमित्ताने आपण आजवर मराठ्यांच्या मोहिमा ऐकल्या असतील, संतवाङ्मयावरील निरूपणे ऐकली असतील, अर्थसंकल्पावरची वादळी चर्चाही ऐकली असेल. हॉटेल चालवायला शिकविणाऱ्या शाळांचा इतिहास हा आमचा विषय जाहीर झाला, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी भररस्त्यात आम्हांला गाठून विचारले, "हे काय हो? चहा करायला शिकवायला शाळा कशाला लागते?" प्रश्न चेष्टेचा होता, परंतु पोकळ नव्हता. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत ज्या ज्या देशात अशी शाळा निघाली, तेथे प्रथम हाच प्रश्न विचारला गेला. आणि मौजेची गोष्ट अशी की, तो विचारण्यात खुद्द हॉटेलवालेच पुढे होते. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या मिषानेच आम्ही आज बोलणार आहो.

प्रथम आपल्या घरापासून सुरुवात करू. अन्न देणे हे पुण्य आणि अन्न विकणे हे हीन, अशी आपली शतकानुशतकांची समजूत. तीर्थाच्या वाटेवर धर्मशाळा होत्या, अन्नछत्रे होती, माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी होते आणि त्यांना वार लावून जेवू घालणारी घरे होती. या साऱ्यांत कोठेही पैशाचा संबंध नव्हता. पैशाचा संबंध आला की पाहुण्याचे गिऱ्हाईक झाले, आणि यजमानाचा खाणावळवाला झाला. स्मृतिकारांनी अन्नविक्रयाला नावे ठेवलीच होती. समाजाने त्यात भर घातली. शिक्षक, वकील, कारकून यांना सोयरिकीच्या बाजारात जो भाव होता, तो शंभर माणसे रोज जेवू घालणाऱ्याला नव्हता, मग त्याची मिळकत कारकुनाच्या चौपट का असेना! अतिथीला देव मानणारे वचन आपल्या तोंडपाठ होते, परंतु त्या देवाची पूजा करून पोट भरणाऱ्या पुजाऱ्याला मात्र आपण ओसरीच्या वर येऊ दिले नाही. आणि ज्या धंद्याला प्रतिष्ठा नसते, त्याच्या ज्ञानाला कोणी विद्या म्हणत नाही. ती नुसती हातोटी म्हणून हातातून हातात जाते, आणि पुष्कळदा एखाद्या आचाऱ्याबरोबरच सरणावर चढते.

हे केवळ आपल्याकडेच होते असे मात्र कोणी समजू नये. युरोपातही हॉटेलचा धंदा म्हणजे गरिबांच्या पोरांचा धंदा होता. सेझार रिट्झ हे नाव आज जगभर वैभवाचे प्रतीक झाले आहे. हा गृहस्थ 1850 मध्ये स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातील नीडरवाल्ड नावाच्या डोंगरी खेड्यात एका शेतकऱ्याचे तेरावे अपत्य म्हणून जन्मला. ब्रिग गावच्या हॉटेलात त्याला उमेदवारीला ठेवले, तर मालकाने थोड्याच दिवसांत त्याला काढून टाकले आणि वर हेही सांगितले की, या धंद्याला एक उपजत अंग लागते व ते तुझ्यात नाही. पुढे पॅरिसमध्ये त्याने बूट पुसले, सामान वाहिले, टेबलावर वाढले, आणि वाढता वाढता बड्या लोकांच्या आवडीनिवडी मनात टिपून ठेवल्या. 1889 मध्ये तो लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलची व्यवस्था पाहू लागला आणि 1898 मध्ये पॅरिसला त्याच्या नावाचे हॉटेल उघडले.

त्याची एक गोष्ट सांगतात ती येथे सांगण्याजोगी आहे. रिगी पर्वतावरच्या हॉटेलात तो होता. कडाक्याच्या थंडीत हॉटेलातील ऊब देणारी यंत्रणा बंद पडली, आणि नेमकी त्याच दिवशी चाळीसेक अमेरिकन पाहुण्यांची टोळी जेवायला येणार होती. रिट्झने जेवणाची पाने मोठ्या दालनातून लहान खोलीत हलविली, तांब्याच्या मोठ्या भांड्यांत स्पिरिट पेटवून ती कोपऱ्यांत ठेवली, विटा भाजून फलाणीत गुंडाळल्या आणि प्रत्येक पाहुण्याच्या पायांखाली एक एक दिली. जेवणही कढत सारापासून तो ज्वाळा उठणाऱ्या गोड धिरड्यापर्यंत सगळे गरम. पाहुणे तृप्त होऊन गेले. आता ही विद्या कोणत्या पुस्तकात आहे? शाळांना विरोध करणारे नेमके हेच म्हणत. रिट्झ कोणत्या शाळेत गेला होता? जो हे जाणतो त्याला शाळा नको, आणि जो जाणत नाही त्याला शाळेचा उपयोग नाही!

युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण त्यात एक गोम आहे. रिट्झ एक झाला. आणि स्वित्झर्लंडला त्या वेळी हजारो माणसे हवी होती.

कारण त्या चिमुकल्या देशावर पाहुण्यांची लाटच आली होती. 1863 मध्ये टॉमस कुकने इंग्रज प्रवाशांची पहिली टोळी तेथे नेली. 1865 मध्ये मॅटरहॉर्न सर झाला, आणि उतरताना चार माणसे दरीत कोसळून गेली; त्या दुर्घटनेची वर्तमानपत्रांतून इतकी चर्चा झाली की, तो पहाड पाहण्यासाठी माणसांची रीघ लागली. 1882 मध्ये आल्प्सच्या पोटातून गॉटहार्डचा बोगदा पार करून आगगाडी धावू लागली. त्याच वर्षी स्विस हॉटेलवाल्यांनी आपला संघ स्थापन केला. डोंगराडोंगरांवर हॉटेले उभी राहिली, परंतु ती चालविणार कोण? पाहुणा इंग्रज, फ्रेंच, जर्मन, रशियन. नोकर डोंगरातले धनगराचे पोर. पत्र वाचता येत नाही, हिशेब लिहिता येत नाही, एका पाहुण्याची खोली दुसऱ्याला दिली जाते, स्टेशनावर सामान एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. उमेदवारीच्या रीतीने एका हाताखाली एक माणूस दहा वर्षांत तयार होई. तेवढी सवड आता कोणाला नव्हती.

तेव्हा झाक चुमी नावाच्या, या धंद्यातच मुरलेल्या गृहस्थांच्या पुढाकाराने 1893 मध्ये लोझान शहराच्या सरोवरकाठच्या ऊशी या भागात जगातील पहिली हॉटेल-शाळा निघाली. शाळेला इमारत नव्हती. 'हॉटेल द आंग्लतेर' नावाच्या हॉटेलातच वर्ग भरू लागले. पहिल्या वर्गात विद्यार्थी अवघे 27, आणि सगळे मुलगे. दहा वर्षांनी, 1903 मध्ये, शाळा स्वतःच्या वास्तूत गेली. भाषा, हिशेब, व्यवहारगणित हे पुस्तकी विषय होतेच. परंतु वाढपी कसा उभा राहतो, ताट कोणत्या बाजूने येते व कोणत्या बाजूने उचलले जाते, हेही फळ्यासमोर आणि टेबलासमोर शिकविले जाऊ लागले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. आम्हांला वाटते की, त्या 27 मुलांच्या वर्गात एक मोठी गोष्ट घडली, आणि ती घडते आहे हे त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानात आले नसावे. कपबशी विसळणे, पलंगावरची चादर घडी न पडता अंथरणे, मासळी ताजी की शिळी हे तिच्या डोळ्यांवरून ओळखणे, या कामांना प्रथमच 'विषय' म्हणण्यात आले. त्यांचे तास ठरले, परीक्षा ठरली, आणि ज्याला सुरी धरता येत नाही तो नापास होऊ लागला, मग त्याचे फ्रेंच व्याकरण कितीही शुद्ध असो. पुढे जो हॉटेलचा मॅनेजर व्हायचा, त्यानेही प्रथम भटारखान्यात भाजी चिरली पाहिजे आणि दालनात वाढले पाहिजे, हा त्या शाळेचा दंडक पडला आणि तो तिने पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाळला. यात नुसती शिस्त नाही, धंद्याचे गणितही आहे. मॅनेजर स्वतः रोज कांदे चिरत नाही; पण एक मण कांद्यांतून साली आणि टाकाऊ भाग जाऊन किती उरते हे ज्याच्या हाताला ठाऊक नाही, त्याला आचारी रोज फसवू शकतो.

हे गणित खऱ्या अर्थाने उभे केले ते अमेरिकेने. तेथील कथा थोडक्यात सांगतो. 1920 मध्ये त्या देशात दारूबंदी आली. हॉटेलांचे मोठे उत्पन्न दारूच्या गुत्त्यावर होते, ते एका रात्रीत बुडाले. आजवर बारच्या नफ्यात जेवणखान्याचा तोटा खपून जाई, तो आता उघडा पडला. काटेकोर हिशेब ठेवणारी माणसे हवी झाली. हॉटेलवाल्यांच्या संघटनेने कॉर्नेल विद्यापीठाशी बोलणी केली, आणि 1922 मध्ये हॉवर्ड मीक या प्राध्यापकांच्या हाताखाली 21 विद्यार्थ्यांचा वर्ग सुरू झाला. चार वर्षांचा पदवीचा अभ्यासक्रम, जगातील या विषयातला पहिला. जागा कोणी दिली म्हणाल, तर गृहशास्त्राच्या विभागाने! बायकांच्या स्वयंपाकाच्या विद्येला विद्यापीठात आधीच एक कोपरा मिळाला होता म्हणून पुरुषांच्या हॉटेलविद्येला आत पाय ठेवता आला, ही गोष्ट हॉटेलांच्या इतिहासात फार हलक्या आवाजात सांगितली जाते. हॉटेलांसाठी एकसारखी हिशेबपद्धती 1926 मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेल-संघाने छापली.

या शाळेचा एक मोठा टीकाकार होता एल्सवर्थ स्टॅटलर. हा तेराव्या वर्षी हॉटेलात घंटी वाजली की धावणारा पोऱ्या म्हणून लागलेला माणूस. 1908 मध्ये त्याने बफलो शहरात प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर असलेले हॉटेल काढले आणि दीड डॉलरात खोली व न्हाणी, अशी जाहिरात करून सगळ्या धंद्याची रीत बदलली. त्याच्या मते असली शाळा म्हणजे पोरांच्या वेळेचा अपव्यय. कॉर्नेलच्या विद्यार्थ्यांनी मात्र एक युक्ती काढली होती. वर्षातून एकदा ते विद्यापीठाच्या इमारतीचेच हॉटेल करीत आणि धंद्यातल्या बड्या लोकांना पाहुणे म्हणून बोलावीत. मॅनेजरपासून दारवानापर्यंत सगळे विद्यार्थीच. 1927 मध्ये स्टॅटलर तेथे आला, राहिला, जेवला, आणि जाहीरपणे कबूल करून बसला की आपले मत फिरले. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याच्या नावाच्या निधीतून 1950 मध्ये त्या शाळेची इमारत झाली, आणि तिच्यात विद्यार्थ्यांच्या सरावासाठी खरेखुरे हॉटेल होते. विरोधकाच्याच पैशातून शाळा बांधली जाण्याचे असे भाग्य आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

म्हणजे स्वित्झर्लंडात पाहुणे फार झाले म्हणून शाळा निघाली, आणि अमेरिकेत नफा आटला म्हणून निघाली. आता आपण मुंबईला येऊ. आपली शाळा या दोन्ही कारणांनी निघाली नाही. ती धान्य पुरेना म्हणून निघाली.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या घरी ती आठवण अजून निघत असेल. मुंबईत 1943 पासून रेशन सुरू झाले होते. बंगालचा भीषण दुष्काळ त्याच वर्षीचा. स्वातंत्र्य आले तेव्हा फाळणीने गव्हाचा आणि तांदळाचा मोठा मुलूख पलीकडे गेला होता. परदेशांतून बोटी भरभरून धान्य आणावे लागे आणि त्यापायी परकी चलन संपे. 1950 मध्ये कन्हैयालाल मुनशी केंद्राचे अन्नमंत्री झाले. त्यांच्या पत्नी लीलावती मुनशी या गुजराती लेखिका आणि सार्वजनिक कार्यात मुरलेल्या बाई. अन्नाचा प्रश्न केवळ शेतात सुटणार नाही, तो चुलीपाशीही सोडवावा लागेल, अशा विचाराने त्यांनी स्त्रियांची अखिल भारतीय अन्न परिषद उभी केली. तांदूळ-गव्हावाचूनही पोटभर व पौष्टिक जेवण होऊ शकते हे लोकांना दाखवावे, म्हणून परिषदेने 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहे काढली. रताळी, साबुकंद, केळी, भुईमूग यांचे पदार्थ तेथे मिळत. माणसाला ज्वारीची भाकरी सोडून रताळ्याच्या पोळीवर राहा म्हणणे सोपे नसते, हे आपण जाणताच. पण प्रयत्न मनापासूनचा होता.

आणि या प्रयत्नातच त्यांच्या लक्षात आले असावे की, स्वयंपाक येणारी बाई आणि तीनशे माणसांचे स्वयंपाकघर चालविणारी बाई यांत महदंतर आहे. घरी चार माणसांना अंदाजाने मीठ पडते. तीनशे माणसांत अंदाज चालत नाही. एक साधा हिशेब पाहा. तीनशे कामगारांच्या कँटीनमध्ये दरडोई एकच पोळी जास्त लाटली गेली आणि ती वाया गेली, तर एका पोळीला तीस ग्रॅम पीठ धरले तरी दिवसाला नऊ किलो पीठ गेले. वर्षाच्या तीनशे कामाच्या दिवसांत ते सत्तावीस क्विंटल होते. धान्याच्या एकेका पोत्यासाठी बोटीची वाट पाहणाऱ्या देशात हे सत्तावीस क्विंटल वाचविणारा माणूस म्हणजे एक लहानसे शेतच! तो शेतावर तयार होत नाही आणि घरच्या चुलीपाशीही तयार होत नाही. त्याला खरेदी, साठवण, मापाची पाककृती, किती भाजीला किती माणसे याचे कोष्टक, भांड्यांची स्वच्छता, आणि अन्नातून शरीराला काय मिळते याचे शास्त्र, हे सगळे एकत्र शिकवावे लागते.

अशा माणसांची मागणीही कायद्याने निर्माण केली होती. 1948 च्या कारखाने अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन ठेवायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. मुंबईत गिरण्या होत्या, रेल्वेचे कारखाने होते. भोंगा झाला की एका तासात शेकडो माणसे जेवायला येणार, आणि त्यांना परवडेल अशा दरात, पोटाला बाधणार नाही असे अन्न मिळाले पाहिजे. इस्पितळे होती, वसतिगृहे होती. हॉटेल हा या यादीत शेवटचा मुद्दा होता.

या सगळ्यांतून 1954 मध्ये परिषदेने लीलावतीबाईंच्या नेतृत्वाखाली अंधेरीला भवन्सच्या आवारात संस्था काढली. देशातील अशा प्रकारची ती पहिली. तिच्या नावातच तिचा हेतू होता: 'केटरिंग टेक्नॉलॉजी अँड अप्लाइड न्यूट्रिशन', म्हणजे भोजनव्यवस्थेचे तंत्र आणि व्यवहारातील पोषणशास्त्र. नावात हॉटेल हा शब्द पुढे आला. नंतर संस्था दादरला वीर सावरकर मार्गावर गेली, आणि तेथेच ती आजही आहे. लोझानला वर्गात सगळे मुलगे होते. येथे शाळाच बायकांनी काढली होती. ज्या समाजात अन्न विकणे कमीपणाचे, त्या समाजात एका माजी मंत्र्याच्या सुविद्य पत्नीने स्वयंपाकघराच्या व्यवस्थेला पाठ्यक्रम, प्रयोगशाळा आणि प्रमाणपत्र दिले. यात धैर्य होते, आणि ते धैर्य इतिहासाच्या पुस्तकांत फारसे नोंदले गेले नाही याची आम्हांला खंत वाटते.

पुढे वारे बदलले. 1956 मध्ये युनेस्कोच्या परिषदेसाठी दिल्लीत सरकारने अशोक हॉटेल बांधले. परदेशी प्रवासी म्हणजे परकी चलन, हे समीकरण राज्यकर्त्यांना पटू लागले. 1966 मध्ये पर्यटन विकास महामंडळ निघाले. तोपर्यंत मुंबईच्या पाठोपाठ दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथेही संस्था निघाल्या होत्या. खासगी क्षेत्रात मोहनसिंग ओबेरॉय यांनी 1966 मध्ये स्वतःची शाळा काढली. हे गृहस्थ 1922 मध्ये सिमल्याच्या सेसिल हॉटेलात दरमहा पन्नास रुपयांवर कारकून म्हणून लागले होते. स्वतः शाळेवाचून वर चढलेला माणूस इतरांसाठी शाळा काढतो, हा स्टॅटलरचाच धडा पुन्हा गिरविला गेला. 1982 मध्ये केंद्राने हॉटेल-व्यवस्थापन शिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद नेमली, आणि अन्नखात्याच्या पदराखाली वाढलेले हे शिक्षण पर्यटनखात्याच्या घरी नांदायला गेले.

या स्थलांतराने काय मिळाले हे उघड आहे. जिच्याकडे नाक मुरडले जाई ती विद्या प्रवेशपरीक्षा देऊन मिळवावी लागू लागली. 'एवढे शिकून शेवटी कपबश्याच विसळणार ना?' असे म्हणणारे बाप आता मुलाच्या टोपीसह छायाचित्र दिवाणखान्यात लावू लागले. मुले मोठमोठ्या हॉटेलांत गेली, बोटींवर गेली, आखातात गेली. गोव्यापासून पुण्यापर्यंत संस्था झाल्या. यात कोणालाही आनंदच वाटेल.

पण काय गमावले, तेही सांगितले पाहिजे. संस्थेच्या नावातील 'व्यवहारातील पोषणशास्त्र' हे शब्द आजही कायम आहेत; परंतु पंचतारांकित हॉटेलात जाणाऱ्या पदवीधराच्या मनातून ते केव्हाच मागे पडले. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील मुलांना शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि या देशात जगातील एक अतिशय मोठा भोजनप्रपंच उभा राहिला. लीलावतीबाईंना ज्या कामासाठी माणसे तयार करायची होती ते काम याहून वेगळे कोणते? ते आज खेड्यापाड्यांतून तुटपुंज्या मानधनावर स्वयंपाकाच्या बाया करीत आहेत, आणि व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी त्या चुलीकडे फिरकत नाहीत. दोष विद्यार्थ्यांना देऊन चालणार नाही. ज्या खात्याच्या घरी शाळा, त्या खात्याचा पाहुणा तिने सांभाळला.

दुसरी फूट शाळेच्या आतच पडली. मॅनेजर घडविणाऱ्या संस्था वेगळ्या आणि आचारी-वाढपी घडविणाऱ्या 'फूड क्राफ्ट' संस्था वेगळ्या, अशी विभागणी आपल्याकडे झाली. तीन वर्षे शिकलेला पदवीधर भटारखान्यात येतो तेव्हा तेथे वीस वर्षे उभा असलेला आचारी त्याला 'साहेब' म्हणतो, आणि मनात काय म्हणतो ते आम्ही येथे सांगत नाही! लोझानच्या त्या पहिल्या वर्गाने ही भिंत पाडण्याचा प्रयत्न केला होता. आपण ती दोन मजल्यांची करून ठेवली.

आता त्या चेष्टेखोर स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळतो. चहा शिकवायला शाळा लागत नाही असे ते म्हणाले, त्यात मुंबईचा मोठा अनुभव बोलत होता. या शहराला जेवू घालणारी माणसे शाळेत शिकली नव्हती. दादरचे मामा काणे, माटुंग्याला 1942 मध्ये उडुपी पद्धतीची खाणावळ काढणारे रामा नायक, कोपऱ्याकोपऱ्यावरचे इराणी, यांचे शिक्षण कामातच झाले. दक्षिण कानडातून दहा-बारा वर्षांची पोरे बोटीने येत, आधी कपबश्या विसळत, मग टेबल पुसत, मग वाढत, मग गल्ल्यावर बसत, आणि नशीब असले तर मालक होत. दिवसभर राबून ती रात्रशाळेत जात. मुंबईतल्या कानडी रात्रशाळांनी असे कित्येक हॉटेलपोरे शिकवून वर काढले. व्यवस्थापनाची याहून कसदार शाळा दाखवा, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. कारण त्या शाळेतून पार झालेल्यांच्या कथा आपल्याला ठाऊक आहेत. मोरीपाशीच हातांची कातडी सोलून गेलेल्या आणि तेथेच राहिलेल्या पोरांच्या कथा कोणी लिहून ठेवल्या नाहीत. 2006 मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत व धाब्यांवर कामाला ठेवण्यास कायद्याने बंदी आली. ती शाळा बंद झाली हे योग्यच झाले. निदान कागदावर तरी झाली.

परंतु शाळेवाचून शिकलेल्यांचा आणखी एक वर्ग होता, तो या कथेत सहसा येत नाही. गिरणगावात खाणावळवाल्या बाया होत्या. एका दहा-बारा फुटांच्या खोलीत संसार, आणि त्याच खोलीत पंधरा-वीस गिरणीकामगारांचा दोन वेळचा डबा. पाळ्या तीन, म्हणून जेवणाच्या वेळा तीन. कामगार पगाराला पैसे देणार, तोवर वाणी उधार देणार, आणि वाण्याचे व्याज बाईच्या दागिन्यांतून जाणार. संप झाला की कामगाराचा पगार बंद, पण त्याचे जेवण बाईने बंद केलेले नाही. उधारी, साठवण, माणशी खर्च, वेळेचे गणित आणि गिऱ्हाइकाचा स्वभाव, हे सगळे विषय या बायांना तोंडपाठ होते. कॉर्नेलच्या वर्गात तेच विषय चार वर्षे शिकवीत.

1975 मध्ये, गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी या बायांची संघटना बांधली. सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून देणे हे तिचे पहिले काम. बँकेने अर्ज पाहिले तेव्हा तारण म्हणून दाखवायला बायांपाशी काही नव्हते. एकमेकींच्या जामिनावर कर्ज मिळाले आणि ते फेडले गेले. संघटनेचे नाव ठेवले 'अन्नपूर्णा महिला मंडळ'.

पंचवीस वर्षांपूर्वी लीलावतीबाईंनी आपल्या उपाहारगृहांना दिलेलेच हे नाव. एक अन्नपूर्णा वरून आली आणि तिने या विद्येला संस्था दिली. दुसरी परळ-लालबागच्या चाळींतून आली, आणि तिच्यापाशी विद्या आधीच होती. दोघींचे अंतर लोकलच्या दोन-तीन स्टेशनांचे. दादरच्या संस्थेच्या प्रवेशअर्जात बारावीचे गुण भरायला रकाना असतो. वीस माणसांना तीन पाळ्यांत तीस वर्षे जेवू घातले, हे लिहायला रकाना नसतो.